जोडपेटीच्या अलीकडचा तुकडा

२ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी आम्लपित्ताच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीने फुकट दिली आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलंय : 'जळजळ होतेय? दुर्लक्ष करू नका.' मी डायरीकडेच दुर्लक्ष करणार होतो. पण आज जे घडलं ते तारखेनिशी कुठेतरी असायला हवं. पुढेमागे चौकशी झाली तर माणसाच्या आठवणीला कोणी विचारत नाही, कागदाला विचारतात.

हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी सर्व्हर रूम आहे. आवाराच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत, तिथे क्ष-किरण आणि स्कॅनचा विभाग. दोन्हींच्या मधे जमिनीखालून काचेच्या तंतूची केबल जाते. अंतर दोनशे साठ मीटर. गेल्या महिन्यात केबल नवी टाकली आणि दोन्ही टोकांना दहापट वेगाची यंत्रं बसवली. आज ती सुरू झाली. अकरा वाजता क्ष-किरणवाल्या डॉक्टरांचा फोन.

"तुमचं यंत्र फारच वेगवान निघालं हो. पेशंटचा जुना स्कॅन मागवला, तो पडद्यावर येईपर्यंत पेशंट घरी जाऊन जेवून आला."

गंमत अशी की त्यांनी इकडे पाठवलेले स्कॅन माझ्याकडे धडाधड येतात. मी तिकडे पाठवलेलेच अडखळतात.

केबल टाकणारा कंत्राटदार माझा साडू आहे. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. निविदा त्याने रीतसर भरली, मी निवडीच्या बैठकीतून लेखी देऊन बाहेर राहिलो. पण उद्या बोभाटा झाला तर नियम कोणी वाचणार नाही, नातं वाचतील.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रशासक बाईंनी बोलावलं. या बाई आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

"कंत्राटदार तुमचे कोण?"

"लांबचे आहेत."

"किती लांबचे?"

"साडू."

बाईंनी टेबलावरचा पेन सरळ केला. "तेवीस तारखेला बैठक आहे. तोवर दोष कुठे आहे ते मला लेखी हवंय. केबल हलकी निघाली तर त्यांचं नाव काळ्या यादीत जाईल. आणि तुम्ही सांभाळून घेतलंत असं दिसलं, तर तुमचंही बघावं लागेल."

साडूचं सगळं काम हॉस्पिटलांचंच. काळी यादी एकीकडून दुसरीकडे फिरते, एकदा नाव चढलं की दुकानाला कुलूप. वाईट वाटलं. पण त्याहून जास्त मला माझं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोणी वाचत नाही.

ठरवलं : मऊ वागायचं नाही. हॉस्पिटलच्या आवारात मी त्याला 'तुम्ही' म्हणतो. त्यात आदर नाही, अंतर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साडू आला. उंच, सावकाश बोलणारा, प्रत्येक प्रश्नाआधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवणारा माणूस. इतकं सावकाश बोलणारा माणूस एकतर प्रामाणिक असतो किंवा विचार करून खोटं बोलणारा. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

त्याने मापं घेतली आणि एक तक्ता माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक तंतूला दोन रकाने.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"दादा, एक तिकडून इकडे, एक इकडून तिकडे."

"रस्ता तोच, तंतू तोच. अंतर जाताना वेगळं आणि येताना वेगळं असतं का? मला एक रकाना भरून द्या, दुसऱ्याने फक्त गोंधळ होतो."

त्याने तक्ता गुंडाळला. "तुमच्या खोलीतला, फरशीखालचा तुकडा एकदा बघू द्याल? इथपासून तळघरातल्या जोडपेटीपर्यंतचा?"

आलं लक्षात. आपलं काम खराब निघालं की दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं. मी नकाशा उलगडून दाखवला. माझी खोली ते जोडपेटी, अडतीस मीटर, आठ वर्षांपूर्वी टाकलेली उत्तम दर्जाची बारीक तंतूची केबल, बदलायची गरज नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलंय. जोडपेटीच्या पुढचं काम तुमचं, अलीकडे हात लावायचा नाही, असं मी त्याला पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

"नकाशा तुम्हीच काढलाय ना?"

"मीच."

"मग ठीक," असं म्हणून तो गेला. 'मग ठीक' म्हणण्याची त्याची पद्धत मला आवडली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काचेचं म्हणणं एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे बैठकीत अडखळायला होणार नाही.

तंतूच्या मधोमध काचेचा जो गाभा असतो, त्यातून उजेड जातो. गाभा जाड असला, काच हलकी असली, तर उजेडाला आत खूप वाटा सापडतात. सगळे किरण एकाच वेळी निघतात पण एकाच वेळी पोचत नाहीत. सहलीला निघालेल्या नातेवाइकांसारखं : एक सरळ चालत येतो, एक प्रत्येक दुकानात डोकावतो, एकाची चप्पल तुटते. संथ कामाला हे चालतं. पण वेग दहापट केला की पहिल्या गटाचे रेंगाळलेले लोक दुसऱ्या गटात मिसळतात आणि कोण कोणाचा ते पलीकडच्या यंत्राला कळेनासं होतं. म्हणून केबल किती लांब नेता येईल हे शेवटी काच ठरवते. निविदेतल्या दर्जाची बारीक काच या वेगाला तीनशे मीटर टिकते, आपल्या दोनशे साठला ती पुरेशी. जुन्या जाड गाभ्याची मजल जेमतेम तेहतीस मीटर.

म्हणजे संशय कुठे घ्यायचा ते उघड आहे. वर चांगल्या दर्जाचं छापील वेष्टण, आत हलकी काच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, फक्त भांडं दोनशे बावीस मीटर लांब.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजणी केली. मी माझ्या टोकाला उजेड मोजायचं मीटर घेऊन बसलो आणि मोजपट्टींना दिवा घेऊन नव्या इमारतीत पाठवलं. मोजपट्टी म्हणजे माझ्या हाताखालच्या टेक्निशियन बाई. चाळिशीच्या आहेत, चहात साखर किती ते चमचा सपाट करून बघतात, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांचंही माझ्यासाठी एक नाव आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

तिकडून निघालेला उजेड माझ्याकडे उत्तम पोचला. सगळे तंतू पास.

"सर," मोजपट्टी फोनवर म्हणाल्या, "आता मी मीटर घेते, तुम्ही दिवा लावा. उलट्या बाजूनेही बघू."

"कशाला? आठ वर्षं मी याच खुर्चीत बसून मोजतोय."

"इथलं यंत्र म्हणतंय, इथे पोचणारा उजेड कमी आहे. आपल्याकडे येणारा ठीक."

"मग बिघाड तिकडेच."

"किंवा तिकडे निघतानाच," त्या म्हणाल्या.

दोनशे साठ मीटर चालून गेल्यावर माणसाला असं काहीबाही सुचतं. मी निष्कर्ष लिहिला : उजेड पोचतो, पण विस्कटून पोचतो. म्हणजे काचच हलकी. हे साध्या मीटरने पकडता येत नाही, आणि साडूला हे बरोबर ठाऊक आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

स्टोअरमधे साडूच्या ड्रमवर थोडी केबल उरली होती. त्यातली दोन मीटर कापून बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवली. कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी ही म्हणाली, "तुम्ही जेवताना त्याच्याबद्दल असं का बोललात?"

"काय बोललो?"

"मीठ कमी आहे, हलक्या प्रतीचं असेल, कोणी दिलं, असं."

"मिठाबद्दल बोललो."

"मीठ माझ्या बहिणीने आणून दिलंय, हे तुम्हाला माहीत होतं."

माहीत होतं. पण मीठ खरोखर कमी होतं.

मग हिने माझ्या डोळ्यांचा विषय काढला. मी वर्तमानपत्र हातभर लांब धरतो आणि हात संपला की बातमी सोडून देतो, असं तिचं म्हणणं. शेवटी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढला. चष्मा बावीस तारखेला, रविवारी मिळेल. दुकानदाराला मी विचारलं, काचेचा दर्जा काय? ही शरमली. मी बरोबरच विचारलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. काच अस्सल, बारीक गाभ्याची, छापलंय त्याच दर्जाची, किंबहुना थोडी वरचढ.

दिवसभर यावर विचार केला. दुपारी उलगडा झाला. ड्रमवर मुद्दाम चांगली केबल शिल्लक ठेवली आहे, कोणी नमुना घेतला तर सापडू नये म्हणून. जमिनीखाली गाडलेली वेगळी असणार. एवढा पुढचा विचार करणारा माणूस साधा नव्हे.

मोजपट्टींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सर, नमुना वाईट निघाला असता तर ते चोर, आणि चांगला निघाला तर पक्के चोर?"

"तुम्ही मोजमापाच्या बाई आहात. माणसं मोजायची सवय नाही तुम्हाला."

"नाही बुवा," म्हणाल्या, आणि चमचा सपाट करायला लागल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका पेशंटला स्कॅनसाठी ताटकळत बसावं लागलं. डोक्याचा जुना स्कॅन आणि नवा शेजारी ठेवून बघायचे होते, आणि जुना माझ्याकडून तिकडे सरकेना. शेवटी मोजपट्टींनी तो डिस्कवर उतरवून दोनशे साठ मीटर पळत नेऊन दिला. पेशंटची बहीण दारात उभी होती. ती माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे नुसती बघत राहिली. मी ते उलटं फिरवलं.

साडूचा राग इतका आला की जेवण गेलं नाही.

एकदा, जेमतेम एकदाच, मनात आलं की बोलवावं त्याला आणि मोकळेपणी विचारावं, "अरे, झालंय काय?" पण मग तो काहीतरी पटण्यासारखं सांगेल, आणि मला पटेल, आणि तेवीस तारखेला माझ्या हातात काहीच उरणार नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घरात पाणी मुरतंय.

मी दारात चप्पल काढत होतो तेव्हा ही फोनवर बोलत होती. "नाही गं, यांना कळता कामा नये. कळलं तर सगळंच फिसकटेल." मला बघून लगेच, "हो हो, दोन वाट्या पुरेत." तिकडे कोण होतं हे सांगायला ज्योतिषी नको.

जेवताना मेव्हणीचा मला फोन. ती मला सहसा फोन करत नाही. "भाऊजी, रविवारी ड्युटी आहे का हो तुम्हाला?"

"नाही. का?"

"सहज. चष्मा आणायला जाणार म्हणत होती ताई. चांगला सावकाश बघून घ्या हं, घाई करू नका. तीनचार तास लागले तरी लागू देत."

चष्मा घ्यायला तीनचार तास. मी काय दुर्बीण आणायला निघालोय?

आता माझी चाल. गप्प राहायचं, दिसेल त्यात हसून मान डोलवायची. ही म्हणाली, "आज एवढे खूश कसे?" म्हणजे हिलाही संशय आला. एका घरात दोघांना संशय येऊ लागला की उजेड कमी पडतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीत आपली बाजू कोणी सांगत नाही, आपणच सांगावी लागते. म्हणून माझ्या कामाच्या जुन्या फायली काढल्या. आठ वर्षांपूर्वी सर्व्हर रूम तळमजल्यावरून वर हलवली, तेव्हाचं प्रशस्तिपत्र सापडलं. केबल अडतीस मीटर कमी पडली होती, नवा ड्रम यायला वेळ होता, आणि सकाळी आठला शस्त्रक्रिया विभाग सुरू व्हायचा होता. मी एका दुपारीत सगळं उभं केलं. तेव्हाच्या संचालकांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तो फोटो प्रशस्तिपत्रामागे आहे. माझे केस तेव्हा काळे होते.

माझी पद्धत तेव्हापासून एकच : आधी नकाशा, मग काम. नकाशात बदल करून टाकला की काम अर्धं झालंच समजा. इतरांसारखं आधी काम करून मग कागद शोधत बसणं मला जमत नाही. साडूने हे माझ्याकडून शिकायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र आठवेना : नवा ड्रम आला तो नेमका कधी? स्टोअरच्या वहीत सापडला नाही. ती वही नीट ठेवत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

पकडला. मुद्देमालासकट.

दहाला चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्मा तयार होता. मी तो खिशात टाकला. हिने स्वतःसाठी चौकटी बघायला काढल्या, पहिली, दुसरी, अकरावी. प्रत्येक वेळी मान वळवून विचारी, "अहो, ही कशी?" जिच्या डोळ्यांना काडीचाही नंबर नाही ती बाई. बाराव्या चौकटीला ती आरशात बघत असताना मी दारातून सटकलो.

हॉस्पिटलच्या फाटकावरचा वॉचमन दचकला. "साहेब, तुम्ही? आज तर..." आणि थांबला. त्याला तसाच बरोबर घेतलं.

सर्व्हर रूमचं दार लोटलं. फरशीच्या चौकोनी लाद्या उचललेल्या, मधे खड्डा, आणि माझा साडू पोटावर आडवा होऊन दोन्ही हात खाली घातलेला. शेजारी भेंडोळं, फिकट मोरपंखी रंगाची नवी केबल. दुसरीकडे बाहेर ओढून काढलेलं नारिंगी केबलचं भेंडोळं, धुळीने माखलेलं. आणि जोडाच्या यंत्रासमोर कोण? मोजपट्टी. किल्ली त्यांचीच.

"काय चाललंय?"

साडू उठला नाही. मान वर करून म्हणाला, "दादा, तुम्ही चष्मा आणायला गेला होतात ना?"

एवढं पुरे होतं. म्हणजे घरापासून कट. कुंपणच शेत खातंय, आणि कुंपण म्हणजे माझी बायको.

मी वॉचमनला सांगितलं, लिहा रजिस्टरमधे : कंत्राटदार सुट्टीच्या दिवशी विनापरवानगी हॉस्पिटलची केबल उपसून काढताना आढळले. साडूने खाली मान घालून सही केली. मोजपट्टी म्हणाल्या, "सर, निदान नारिंगी..."

साडू म्हणाला, "राहू द्या बाई." मग माझ्याकडे वळून, "पंधरा मिनिटं द्या. आता उघडं ठेवलं तर तिकडचे स्कॅन पूर्ण बंद पडतील. जोड लावतो आणि जातो."

दिली. वॉचमनला उभा करून, माझ्या देखत. त्याने मोरपंखी तुकडा जोडला, लाद्या बसवल्या, हात पुसले आणि गेला. मला नमस्कार करून गेला, हे विशेष.

आणि गंमत बघा. लाइन सुरू केली तर एक चूक नाही. दोन तास बघत बसलो. स्कॅन तिकडे अशा वेगाने जातायत की डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "आज काय जादू केलीत?" म्हणजे त्याला नीट करता येत होतं. मग आजवर मुद्दामच बिघडवून ठेवलं होतं. पकडला गेल्यावर सुधारला. बैठकीत हाच मुद्दा मांडायचा.

नारिंगी भेंडोळं पोत्यात घालून तोंड बांधलं आणि कपाटात ठेवलं. तक्रार लिहून प्रशासक बाईंना पाठवून दिली.

ही घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही तिथे गेलात?" आणि आत जाऊन बसली. भांडली असती तर मला उत्तरं तयार होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेआठ

बैठक बाराला. मुद्देमालाची लांबी लिहायची राहिली होती, म्हणून लवकर येऊन पोतं उघडलं.

अडतीस मीटर.

वेष्टणावरचं बारीक छापील वाचायला नवा चष्मा लावला. जाड गाभा. जुना दर्जा. या वेगाला मजल तेहतीस मीटर, आणि त्यापुढे तो साडूच्या बारीक काचेला जोडलेला. जाड गाभ्यातून बारीक गाभ्यात उजेड जाताना अर्ध्याहून जास्त बाहेर सांडतो. बारीकमधून जाडमधे येताना काहीच सांडत नाही. मोठ्या घागरीतून तांब्यात ओतणं आणि तांब्यातून घागरीत ओतणं. माझ्याकडे येणारं सगळं नीट, माझ्याकडून जाणारं सगळं कमी. आठ वर्षं याच खुर्चीत बसून मी येणारंच मोजत होतो. वेग कमी होता तोवर सांडलेलं कोणाला कळलंही नाही.

भेंडोळ्याच्या टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. धुळीखाली अक्षरं आहेत. शाई फिकट पडली असली तरी वाचता येते.

'तात्पुरते. स्टोअरमधील जुना तुकडा. आठ दिवसांत बदलणे.'

खाली तारीख आणि सही. सही माझी. चिठ्ठी बांधलेली गाठसुद्धा माझीच, मी अशीच दुहेरी मारतो.

नकाशा मी त्याच दुपारी सुधारला होता. आधी नकाशा, मग काम. मग संचालकांनी हात हलवला, फोटो निघाला, आणि काम करायचं राहून गेलं. ड्रम कधी आला ते वहीत सापडलं नाही, कारण मी तो कधी मागवलाच नाही.

साडूला हे पाच तारखेलाच कळलं होतं. दोन रकाने घेऊन आला होता तो. आणि मोजपट्टींना, आणि हिला, आणि मेव्हणीला. सगळ्यांना माहीत होतं, आणि मला कळू नये म्हणून सगळे धडपडत होते. मी कसा वागलो असतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नऊ वाजले. चिठ्ठी सुटी करणं फार सोपं आहे. दुहेरी गाठ, पण कात्री हाताशीच आहे. कात्री उचलली, हे लिहिलं पाहिजे. मग फोन वाजला, डॉक्टरांचा, स्कॅन मिळाला म्हणून सांगायला, आणि फोन ठेवल्यावर ती पुन्हा उचलावीशी वाटली नाही. दुसरं काही थोर कारण नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बैठकीत प्रशासक बाई, क्ष-किरणवाले डॉक्टर, स्टोअरचे अधिकारी, मी आणि समोर साडू. नारिंगी भेंडोळं टेबलावर. माझी तक्रार बाईंच्या हातात.

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलची केबल काढलीत?" बाईंनी साडूला विचारलं.

"काढली."

"का?"

"जुनी झाली होती. लाइन त्यानेच बिघडत होती. बदलून टाकली, माझ्याकडची लावली."

"मग लपून कशासाठी? आणि ही जुनी केबल तिथे टाकली कोणी? नकाशात तर उत्तम दर्जाची दाखवली आहे."

साडूने स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. "माहीत नाही."

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "यावर काहीतरी लिहिलंय."

"फार जुनं आहे," साडू घाईने म्हणाला. पहिल्यांदाच त्याला घाईने बोलताना ऐकलं. "शाई उडालीये. वाचता येत नाही कोणाला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. साडूनेही बघितलं, आणि अगदी थोडीशी मान हलवली. नको, अशी.

मी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तारखेसकट. सही कोणाची तेही सांगितलं.

बाईंनी माझी तक्रार टेबलावर उलटी करून ठेवली. मग डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस जरा लांबले."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल लागला. साडूचं नाव कुठल्याच यादीत नाही. सर्व्हर रूमचा ताबा मोजपट्टींकडे, मला टेलिफोन आणि कॉल बेलची देखभाल. वेतनवाढ एक वर्ष बंद.

फाटकावर जाऊन रजिस्टरमधली रविवारची नोंद खोडली, शेजारी सही केली आणि लिहिलं : नोंद चुकीची, चूक माझी. वॉचमनने वाचलं. "साहेब, एवढं लिहायची गरज नव्हती." होती. कागदाला विचारतात.

किल्ली देताना मोजपट्टींना विचारलं, "माझं नाव काय ठेवलं होतं तुम्ही?"

"जाऊ द्या ना सर."

"सांगा."

"एकरकानी."

बरोबर आहे. तक्रार करायला जागा नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज साडू आणि मेव्हणी जेवायला आले होते. मी दारातच म्हणालो, "ये रे," आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. तो म्हणाला, "चष्मा छान दिसतो, दादा." तेवढ्यावर निभावलं.

जेवण झाल्यावर पिशवीतून त्याने नकाशांची गुंडाळी काढली. दुसऱ्या हॉस्पिटलचं काम मिळालंय, चार इमारती. "सुट्टीच्या दिवशी जरा तपासून द्याल?"

"मी? का?"

"तुमच्याइतका संशयी माणूस मला कुठे मिळणार?"

यात टोमणा किती आणि खरं किती, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. इतकं सावकाश बोलणाऱ्या माणसाचं काही कळतच नाही. मी होकार दिला. पण दोन्ही टोकांनी मोजल्याशिवाय सही करणार नाही, आणि फरशी उचलून स्वतः बघीन, हे आत्ताच सांगून ठेवलं. "मग ठीक," तो म्हणाला.

नकाशा बघताना एका जागी मी बोट ठेवलं. तळघर ते पहिला मजला, एकवीस मीटर, 'उत्तम दर्जाची, बदलायची गरज नाही', अगदी स्वच्छ अक्षरात.

"हे कोणी लिहिलंय?" मी विचारलं.

"तिथल्या साहेबांनी. चांगले आहेत बिचारे. केबलबद्दल फार अभिमान आहे त्यांना."

आम्ही दोघं त्या अक्षराकडे थोडा वेळ बघत बसलो.

आत या दोघी बहिणी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी आत गेल्यावर ही लगेच म्हणाली, "हो हो, दोन वाट्या पुरेत." काय चाललंय ते विचारणार नव्हतो. विचारलं नाही.

उद्या विचारीन.